घरकुलाच्या फोटोत पट्ट्याची सळई दिसू द्या

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत शेजारच्या घराला मागच्या अंगाला एक खोली वाढवायचं काम निघालं. पोराचं लग्न ठरलंय, नवी सून येणार, जागा पुरत नाही, सगळ्यांच्याच घरी असतं तसं. मी गवंड्यांना चहा घेऊन गेले तर भिंती दरवाजाच्या चौकटीच्या वर आलेल्या आणि गवंडी सरळ पुढचा विटांचा थर लावत होता. मी विचारलं, बाबा, पट्टा टाकला नाहीस का रे? पट्टा म्हणजे भूकंपात भिंती सुट्या होऊ नयेत म्हणून दरवाजा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून फिरवतात तो सळई-काँक्रीटचा थर. पोरगं पंचविशीतलं असेल, आमच्या भावकीतलंच आहे, म्हणालं, "काकू, कशाला लागतंय ते आता, भूकंप होऊन तीस वर्षं झाली की." घराची मालकीण शेजारीच उभी होती, ती म्हणाली, "अक्का, आम्हाला कुणी सांगितलंच नाही बघा."

हे ऐकून पोटात कालवलं. कारण ही बाई आणि मी, आमची दोघींची सासरं औसा तालुक्यातल्या या एकाच गावात, किल्लारी इथून लांब नाही, आणि १९९३ च्या भूकंपाच्या त्या पहाटे आम्ही दोघी या गल्लीतच, चिखलात, अनवाणी उभ्या होतो. तिच्या घरात आज पट्टा नाही याचा दोष मी तिला देणार नाही, त्या पोराला पण नाही. सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते मधेच सोडून दिलं, आणि त्यात थोड्या प्रमाणात मी पण आहे, म्हणून हे पत्र लिहितेय. मोठं होईल, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी कोण ते आधी सांगते. भूकंपानंतर सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून जो दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम चालवला त्यात गावोगावच्या महिला मंडळांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं होतं, सरकारी माणूस आणि गावातली माणसं यांच्यात दुवा म्हणून. मी आमच्या गावची संवाद सहायक होते. शिक्षण दहावी, लग्नाला तेव्हा पाच-सहा वर्षं झालेली, डोक्यावरचा पदर सावरत पहिल्यांदा परक्या पुरुषासमोर उभं राहून भिंतीची जाडी मोजली ती त्या कामात.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक उशिरा घरी आले, दमून झोपले. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी होती. त्याबद्दल सगळ्यांनी खूप लिहिलंय, मी जास्त लिहीत नाही. सरकारी नोंदीत मेलेल्यांचा आकडा ७,९२८ आहे. त्यात माझी चुलती आहे आणि तिची दोन पोरं, माझं माहेर सास्तूरच्या बाजूला, तेव्हाचा उमरगा तालुका, आताचा लोहारा. सासरी आमच्या गावात भिंती फाटल्या, काही घरं बसली, माणसं वाचली. माहेरी गावच राहिलं नाही.

पण एक गोष्ट मला पुढे कामात असताना कळली आणि ती सगळ्यांना कळली पाहिजे. तो भूकंप ६.२ च्या आसपासचा होता. म्हणजे लहान नव्हता, पण जगात त्या ताकदीचे भूकंप दर वर्षी बरेच होतात आणि सगळीकडे अशी हजारोंनी माणसं मरत नाहीत. आमच्याकडे एवढी का मेली, तर घरानं मारली. आमची ती माळवदाची घरं. आत लाकडी खांब, वर तुळया, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. बाहेरून दगडाच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, मातीत रचलेल्या. उन्हाळ्यात आत गेलं की गार वाटायचं, साण्यातून उन्हाचा एकच कवडसा खाली पडायचा, मला अजून ते घर स्वप्नात येतं. माझे वडील दर वर्षी मिरगाच्या आधी माळवदावर चढायचे आणि गळू नये म्हणून पांढरीची माती नव्यानं टाकायचे, तुडवून तुडवून बसवायचे. त्यांच्या आधी आजोबा टाकायचे. जुनी माती कुणी काढत नव्हतं. असं करत करत काही घरांवर दीड-दोन फूट, कुठं त्याहून जास्त मातीचा थर झालेला. म्हणजे घर राखायचं म्हणून जे काम बाप प्रेमानं करत होता त्याचंच ओझं लेकरांच्या डोक्यावर वाढत होतं, आणि हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

आणि ती जाड भिंत. दिसायला केवढी भक्कम. पण ती एक भिंत नव्हतीच, बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक, आणि मधे बारीक दगड-माती भरलेली. दोन्ही रांगांना एकत्र धरणारा आरपार लांब दगड कुणी घालतच नव्हतं. हादरा बसला की बाहेरची रांग बाहेर फुगली, आतली आत पडली, आणि वरून माती आली.

बरं, इशारा नव्हता असं पण नाही. १९९२ ला ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या भागात सारखे धक्के बसत होते, १८ ऑक्टोबरचा तर चांगलाच मोठा होता, भिंतींना तडे गेले, लोक बाहेर झोपायला लागले. मग धक्के थांबले, लोक परत आत झोपायला गेले, आणि जवळजवळ एका वर्षानं हे झालं. सरकारी नकाशात तेव्हा हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, पुढे नकाशा बदलून आम्हाला झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात टाकलं. त्या बारा महिन्यांत कुणी फक्त माळवदावरची माती कमी करा एवढं जरी सांगितलं असतं, नुसती माती हो, तिला खोरं लागतं आणि दोन दिवस लागतात, पैसा लागत नाही... जाऊ द्या. मला यावर बोलताना अजून त्रास होतो.

आता पुनर्वसनाचं. पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागेवर वसवली. घरं मिळाली, पक्की मिळाली, सरकारनं बांधली, देशभरातल्या संस्थांनी बांधली, केरळच्या मलयाळ मनोरमा पेपरनं वाचकांकडून पैसे गोळा करून बाणेगाव बांधलं. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे पोरं पुण्याला शिकायला नेली. कोण कुठली माणसं, ती आमच्यासाठी धावली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. नवी घरं वाईट होती असं म्हणणारी मी नाही. पण आमच्या आईला ते घर कधी आपलं वाटलं नाही, आणि त्याला कारणं आहेत.

घराचं माप जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्याच्या वर ४००, आणि सात हेक्टरच्या वर जमीन असलेल्याला ७५०. म्हणजे ज्याच्या घरात खाणारी तोंडं जास्त आणि जमीन कमी त्याला घर लहान, घरात माणसं किती हे बघायचंच राहिलं. सरळ रेषेत रस्ते, रुंद, शहरातल्या कॉलनीसारखे. जुन्या गावात गल्ली अरुंद होती, दारात बसलं की समोरच्या दारातली बाई दिसायची, बोलता बोलता दोघींची भाजी निवडून व्हायची. नव्या गावात समोरचं दार एवढं लांब की हाक मारली तर ऐकू जाईना. अंगणाला भिंत नाही, आंघोळीला आडोसा नाही, आई पहिले कित्येक महिने अंधार असताना उठून आंघोळ करायची. बैल कुठं बांधायचे? कडबा कुठं रचायचा? चूल कुठं मांडायची, धूर कुठून जाणार? हे प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडलेच नसतील कारण त्याच्या घरात बैल नाहीत. शेत काहींना जवळ आलं, पुष्कळांना लांब गेलं. गाव पसरलं म्हणून पाण्याची पाइपलाइन लांबली, आणि एवढी लांब पाइपलाइन, एवढे रस्ते, एवढे दिवे सांभाळायची ग्रामपंचायतीची ऐपत नाही.

मग लोकांनी काय केलं, जे कुणीही करेल ते. जागा पुरेना म्हणून खोल्या वाढवल्या. पुढे एक पडवी, मागे एक गोठा, पोरगं मोठं झालं की एक खोली. पहिल्या काही वर्षांत पैसा नव्हता तर जुन्या गावठाणातून स्वतःच्याच पडक्या घराचे दगड, तुळया बैलगाडीत घालून आणल्या आणि त्याच दगडाच्या, मातीतल्या भिंती नव्या पक्क्या घराला चिकटवून उभ्या केल्या. आज जाऊन बघा कुठल्याही पुनर्वसित गावात. मधे सरकारी पक्की खोली, तिला भूकंप झाला तरी फारसं काही होणार नाही, आणि तिच्या चारी बाजूंनी वाढवलेल्या खोल्या, पट्टा नाही, कोपऱ्यात सळई नाही, वर पत्रे आणि पत्रे उडू नयेत म्हणून पत्र्यावर दगड ठेवलेले, मोठमोठाले. आणि माणसं झोपतात कुठं? त्या वाढवलेल्या खोल्यांत. मधल्या पक्क्या खोलीत धान्याची पोती आणि टीव्ही असतो.

पुढचा भूकंप आला तर माणसं या खोल्यांत मरतील. हे एवढं उघड आहे की मला कळत नाही यावर कुणी का बोलत नाही. दर वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मृतिस्तंभाजवळ मानवंदना होते, पुढारी येतात, तुमच्या पेपरात पण फोटो येतो. ते झालंच पाहिजे. पण त्या दिवशी एखादा इंजिनियर गावात पाठवून दहा घरांच्या वाढीव खोल्या बघितल्या तर मेलेल्यांना ती मोठी श्रद्धांजली होईल असं मला मनापासून वाटतं.

आता आमच्या कामाबद्दल, कारण त्यातूनच पुढचं म्हणणं निघतं. ५२ गावं हलवली, पण त्याशिवाय जी हजारो गावं तडे गेलेल्या घरांत तिथंच राहिली त्यांच्यासाठी दुरुस्ती-मजबुतीकरण होतं, जवळजवळ दोन लाख घरं, नुकसान बघून कुणाला १७ हजार, कुणाला ३४ हजार. हप्त्यानं. हा कार्यक्रम वेगळा होता, कारण यात ठेकेदार येऊन घर बांधून जाणार नव्हता, घरमालकानं स्वतः करून घ्यायचं होतं. सुरुवातीला लोकांनी ऐकलं नाही. दगडाची एवढी भीती बसलेली की लोक म्हणायचे दगडानं मारलं आम्हाला, दगड घरात नको, ते पैसे घेऊन जुनं घर तसंच ठेवायचे आणि शेजारी विटांची एक खोली बांधायचे. मजबुतीकरण म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मग गावात एक घर नमुन्याला करून दाखवलं, आमच्या गावात ते एका विधवा म्हाताऱ्या बाईचं होतं, आम्ही मंडळाच्या बायकांनीच तिचं नाव सुचवलं. माळवदावरची माती उतरवली तेव्हा अख्खं गाव बघायला जमलं, ढीगच्या ढीग माती निघाली, आणि ती म्हातारी म्हणाली, माय, एवढं सगळं माझ्या डोक्यावर होतं व्हय.

तिच्या घरात मी शिकले. भिंतीत ठरावीक अंतरावर, आडवं चार फुटांवर आणि उभं दोन फुटांवर, दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे आतली-बाहेरची रांग एकमेकींना धरतात. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरका टेकू मारायचा. दरवाज्या-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना जाळीचा पट्टा बांधायचा. नव्या भिंतीला तर पट्टा अगदी सोपा. बायका विचारायच्या एवढ्या चार इंचाच्या पट्ट्यानं काय होणार, तर मी सांगायचे, बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धाव असते ना, ती काढली तर चाक दोन कोस तरी चालेल का? लाकडाचे तुकडे सुटे होतील. चार भिंती म्हणजे चार सुटी माणसं, हादरा बसला की ज्याच्या त्याच्या दिशेला पळतात, पट्टा त्यांना एकमेकांच्या हाताला धरून उभा करतो. हे सांगितलं की पटायचं.

आणि बायकांना लवकर पटायचं, हे मी अनुभवानं सांगते. पुरुष शेतात, बाजारात, कामावर जाणारा. घरात चोवीस तास बाई आणि लेकरं असतात. घर पडलं तर पहिलं कुणावर पडणार हे बाईला सांगावं लागत नाही. आमच्या मंडळाच्या बायका कामावर जाऊन सळई मोजायच्या. एका घरी मिस्त्रीनं सिमेंटचं माप कमी केलं तर तिथल्या बाईनं काम थांबवलं, नवरा तिच्यावर ओरडला, ती म्हणाली ओरडा पण पोरं इथं झोपणार आहेत. २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आमच्या भागातल्या काही बायका तिकडं गेल्या होत्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. भाषा येत नव्हती, भिंतीवर हात ठेवून सांगितलं. तिकडं गुजरातनं बहुतेक घरं लोकांनाच बांधू दिली, पैसे हप्त्यानं दिले आणि इंजिनियरनं जोतं बघितलं, लिंटलपर्यंतचं, म्हणजे दरवाजा-खिडक्यांच्या वरच्या पातळीपर्यंतचं काम बघितलं की मगच पुढचा हप्ता सुटायचा. लातूरला जे चुकत-माकत शिकलो ते तिकडं जास्त चांगलं वापरलं गेलं असं मला वाटतं.

मग आमचा कार्यक्रम संपला. कर्जाचे पैसे संपले, ऑफिस बंद झालं, इंजिनियर बदलून गेले. आम्हाला कुणी बोलावलं नाही आणि आम्ही पण आपापल्या चुलीला लागलो, बचत गटाचं काम बघायला लागलो. जे गवंडी तेव्हा शिकले ते आता साठी-सत्तरीचे आहेत, काही वारले. त्यांच्या पोरांना ते ज्ञान गेलं नाही कारण पट्टा टाकायचे पैसे देणारं कुणी नव्हतं, आणि न विचारलेलं काम कोण करणार. मी आधी म्हणाले त्यात माझा पण वाटा आहे तो हा. मी वीस वर्षं या विषयावर गावात एक शब्द बोलले नव्हते. लग्नं झाली, घरं वाढली, माझ्या डोळ्यासमोर भिंती चढल्या आणि मी गप्प होते.

तर आता का लिहितेय. एक म्हणजे जमीन शांत नाही. २०२२ ला निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज यायला लागले, लोक रात्री बाहेर बसायचे. २०२४ ला २१ मार्चला हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला, परत १० जुलैला तेवढाच, नांदेड-परभणीपर्यंत भांडी हलली. यातून मोठा भूकंप येईलच असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. पण ९२ ला पण कुणाला सांगता येत नव्हतं.

दुसरं म्हणजे २०२५ चा सप्टेंबर. तेरणा, मांजरा, सीना, सगळ्या नद्या उलट्या फिरल्यासारख्या झाल्या, धाराशिव, सोलापूर, बीड, लातूर, सगळीकडे शेतं खरडून गेली, मातीच्या भिंती भिजून बसल्या. मराठवाड्यात दुष्काळ असतो हे ऐकत मोठी झालेली आमची पिढी, आम्ही छातीभर पाण्यातून माणसं काढताना बघितली. आता ज्यांची घरं पडली ते परत बांधतायत, काही बांधून पण झाली. हीच वेळ असते हो. घर पडल्यावर माणूस एकदाच बांधतो, ते पुढची तीस-चाळीस वर्षं तसंच राहतं. त्या एका वेळी जर पट्टा पडला, जोतं पुराच्या खुणेच्या वर घेतलं, तर पुढच्या दोन पिढ्यांचा जीव वाचला. आणि त्या वेळी कुणी सांगायला नसेल तर दोन पिढ्यांचा धोका भिंतीत बांधून झाला.

आता माझी मागणी, आणि ती एकच आहे. घरकुल योजनेत, म्हणजे प्रधानमंत्री आवासमध्ये, १ लाख २० हजार हप्त्याहप्त्यानं मिळतात आणि प्रत्येक टप्प्याला ग्रामपंचायतीचा माणूस येऊन मोबाइलवर घराचा फोटो काढून अपलोड करतो, जोत्याचा, लिंटलचा, छताचा. जागेसकट फोटो जातो. म्हणजे व्यवस्था आहे, माणूस येतो, मोबाइल आहे. फक्त एवढं करा की झोन तीन आणि त्याच्या वरच्या सगळ्या गावांत लिंटलच्या टप्प्याचा फोटो हा पट्ट्याची सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतायच्या आधी काढायचा, आणि चारी कोपऱ्यांत सळई वळलेली फोटोत दिसल्याशिवाय पुढचा हप्ता सोडायचा नाही. बास. नवीन खातं नको, नवीन समिती नको.

पण अट घालायची तर पैसे पण द्यायला पाहिजेत, नाहीतर गरिबाचा हप्ताच अडकून बसेल आणि मग फोटोवाल्याला चहापाणी सुरू होईल. मी दुकानात विचारून हिशोब केलाय. दहा बाय बाराच्या खोलीला नऊ इंची भिंतीवर चार इंच जाडीचा पट्टा टाकायला दोन-अडीच पोती सिमेंट, वीसेक किलो सळई, थोडी वाळू-खडी आणि सेंट्रिंगच्या दोन फळ्या, मजुरी धरून चार-पाच हजाराच्या आत बसतं. एवढे वरचे पैसे घरकुलात धरा, वेगळे म्हणून दाखवा, "पट्ट्याचे पैसे" असंच नाव द्या म्हणजे लोकांना कळेल की हे कशाचे आहेत. आणि योजनेतच गवंड्यांचं ४५ दिवसांचं ट्रेनिंग आहे, ते आमच्या भागात तालुक्या-तालुक्याला घ्या, त्यात पोरींना पण घ्या.

हे फक्त भूकंपवाल्यांचं दुखणं आहे असं पण कुणी समजू नये. माळीण २०१४ ला डोंगराखाली गेलं, १५१ माणसं. नवीन गाव २०१७ ला एप्रिलमध्ये दिलं, मोठा कार्यक्रम झाला, आणि पहिल्याच पावसात जूनमध्ये भराव खचला, भिंतींना तडे गेले, लोक परत घाबरून बसले. तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिथं डोंगरच येणार असेल तर पट्ट्यानं काही होत नाही, तिथं गाव हलवावंच लागतं, मला मान्य आहे. पण हलवताना तिथल्या बाईला विचारा. इर्शाळवाडीची ठाकर माणसं डोंगरावर जगणारी, त्यांचं पोट डोंगरावर आहे, त्यांना खाली रस्त्याच्या कडेला घर दिलं तर रात्री जीव सुरक्षित राहील पण दिवसा काय करायचं? आमच्या आईनं अंगण, चूल, आडोसा आणि गोठा यासाठी जे तीस वर्षं सोसलं ते त्यांनी सोसू नये. नकाशा काढणाऱ्या साहेबांनी आधी एक रात्र त्या गावात राहावं, सकाळी उठून बघावं बाई पहिलं काय करते, दुसरं काय करते, मग पेन्सिल हातात घ्यावी. आणि घर देताना हे पण धरून चालावं की माणसं खोल्या वाढवणार, शंभर टक्के वाढवणार, तर पहिल्याच दिवशी वाढीव खोलीचा नकाशा हातात द्या, सळईची टोकं बाहेर ठेवा, म्हणजे पुढची भिंत तिला बांधता येईल. किल्लारीच्या वेळी हे एवढं केलं असतं तर आज मला हे पत्र लिहायला लागलं नसतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मी हे बोलायला एका ऑफिसात गेले होते, कुठलं ते सांगत नाही. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, वाईट बोलले नाहीत, पण म्हणाले ताई, आमच्या फॉर्ममध्ये पट्ट्याचा रकानाच नाही, आम्ही काय तपासणार. मला त्यांचा राग आला नाही. रकाना कुणीतरी वर बसलेला माणूस टाकतो. तुमचा पेपर वरपर्यंत जातो म्हणून तुम्हाला लिहितेय.

शेजारच्या खोलीचं सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी परत गेले आणि आम्ही दोघी त्या अर्धवट भिंतीजवळ बसलो. तिला मी त्या पहाटेची आठवण करून दिली नाही, ती करून द्यावी लागत नाही. फक्त विचारलं, सून कुठं झोपणार? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच त्या पोराला काम थांबवायला सांगितलं. आमच्या बचत गटातून तिला पैसे उचलून दिले, सळई आली, चौकटीच्या वरचे लावलेले दोन थर त्यानं काढले, जरा कुरकुरला पण काढले. कोपऱ्यात तो सळई तोडायला लागला तेव्हा मी म्हणाले तोडू नको, वळव आणि पुढच्या भिंतीत हातभर आत ने, तर त्यानं विचारलं, काकू, रिंगा किती अंतरावर? सहा इंचावर, मी सांगितलं. मग त्यानं स्वतःच्या मोबाइलमध्ये सगळ्याचा फोटो काढून ठेवला, म्हणाला पुढच्या कामाला दाखवतो मालकाला.

आमच्या गावात आम्ही जुन्या संवाद सहायक मंडळातल्या चार बायका अजून हिंडत्या-फिरत्या आहोत, आजूबाजूच्या गावांत पण असतील. तालुक्यातल्या कुठल्याही गावात घरकुलाचं काम निघालं आणि ग्रामपंचायतीनं बोलावलं तर आम्ही येतो, भाडं आमचं आम्ही बघू, फक्त लिंटलचं काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी बोलवा, नंतर येऊन उपयोग नाही.

आपली,
एक जुनी संवाद सहायक,
औसा तालुका, जि. लातूर